हवल्लीचा तोर्वानस

नंदकुमार आरोलकर कोणाचा जीव घेऊ शकेल, असं कुवेतमधल्या एकाही मराठी माणसाला वाटलं नसतं. मला तर नाहीच नाही. आणि त्यानं मला भरलेल्या सभागृहासमोर मारलं.

नाटकात मारलं, पण त्या दिवशी सभागृहात बसलेल्यांना विचाराल तर ते सांगतील की हा फरक त्यांच्याही लक्षात जरा उशिराच आला.

नंदू मूळचा वेंगुर्ल्याकडचा. लग्नानंतर वर्षभरात त्याच्या बायकोला, अंजूवहिनींना, कुवेतच्या सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि सावंतवाडीतली लॅबची नोकरी सोडून तो तिच्या मागोमाग इथं आला. इथं बहुतेक घरांत नवरा आधी येतो आणि बायको मागून. नंदूचं उलटं होतं. वहिनींच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, तो राहिला, अंतरा झाली, आणि ती बालवाडीत जाईपर्यंत तिला त्यानंच वाढवली. वहिनी शिफ्टवर, हा घरी. आमच्यातले काहीजण त्याला 'अंजूचा नवरा' म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत. तो हसून म्हणायचा, "खरंच आहे की."

पुढे व्हिसा बदलून घेऊन तो हवल्लीतल्या एका खासगी क्लिनिकच्या लॅबमध्ये लागला. काम रक्त काढण्याचं. तिथंच त्याचं नाव झालं. सालमियापासून फाहाहीलपर्यंतची मराठी माणसं साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला हवल्लीला यायची, ती नंदूसाठी. त्याचा हात हलका होता, पण खरी गंमत आवाजाची. तो कधी वर चढायचा नाही. खुर्चीत बसवायचा, दंडाला पट्टा बांधायचा आणि म्हणायचा, "हात सैल सोडा. तिकडं खिडकीत बघा. झालंच." आणि 'झालंच' म्हणेपर्यंत खरंच झालेलं असायचं. इजिप्तच्या मिस्री बायका, मल्याळी ड्रायव्हर, फिलिपिनो मुली, सगळ्यांना तो त्याच आवाजात सांगायचा, भाषा मोडकीतोडकी असली तरी. शेवटी सगळ्यांना एकच शब्द, "खलास."

आमच्या मराठी मंडळाचं नाटक दरवर्षी थंडीत होतं. ते लिहिते आणि बसवते तारा. ती बँकेत आहे, पुण्याची, बोलण्यात कोणाची भीडभाड नाही. गेल्या वर्षी तिनं जाहीर केलं की सासू-जावई आणि अदलाबदल झालेल्या बॅगा यांचा तिला कंटाळा आलाय. तिनं एक साम्राज्यच रचून आणलं होतं. अल्तेरा त्याचं नाव. संगमरवरी खांब, फौजा, सिनेट, पांढरी वस्त्रं. पुस्तकातल्या रोमसारखं, पण रोम नव्हे.

"मग सरळ रोमच का नको?" मी विचारलं.

"खऱ्या राजाचं नाटक केलं की कोणाच्या तरी भावना दुखावतात," तारा म्हणाली. "न झालेल्या राजाचा कोणी नातेवाईक नसतो. आणि शरद, बेडशीट सगळ्यांच्या घरी असतात."

वेशभूषेचा प्रश्न असा सुटला. मला म्हाताऱ्या सम्राटाचं, ओविनसचं काम मिळालं. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत हिशेब बघतो, दाढी पांढरी आहे, उभं राहायला आवडत नाही. पहिल्या अंकात सिंहासनावर बसून मरायचं हे काम मला मानवणारं होतं. मला मारणारा सेनापती तोर्वानस. सम्राटाचा विश्वासू, ज्याच्या हाती फौजेच्या चाव्या. तो सम्राटाला संपवतो, मुकुट घालतो, चौकात लोकांना भाकरी वाटतो आणि लोक त्याचा जयजयकार करतात. फक्त सम्राटाची नात सिल्वेना त्याला राजा मानत नाही, आणि शेवटच्या अंकात तीच त्याला खाली खेचते.

सिल्वेनाचं काम अंतराकडे होतं. ती तेव्हा बारावीत होती. इथली मुलं असतात तशीच. आपण मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं. ताराला तिचा चेहरा आवडला होता, उच्चारांचं बघू म्हणाली होती. तोर्वानस होता कोल्हापूरचा संग्राम. सहा फुटी माणूस, रोज जिम, आवाज असा की तालमीच्या वेळी वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली येऊन बघून जात.

तालमी शुक्रवारी दुपारी, सबाह अल-सालेमला ताराच्या इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये. नंदू अंतराला गाडीतून आणायचा आणि ती संपेपर्यंत भिंतीशी खुर्ची टाकून बसायचा. चहा आणायचा, पुठ्ठ्याची शिरस्त्राणं चिकटवायचा. नाटकात काम करायची हौस त्याला कधीच नव्हती.

मग मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत शटडाऊन लागला. मोठ्या दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द होतात. संग्रामनं फोन करून सांगितलं की पुढचे दोन महिने तो फक्त झोपायला घरी येणार आहे. नाटक दीड महिन्यावर होतं.

ताराने हॉलभर नजर फिरवली. उंचीनं बरा, रिकामा आणि दर शुक्रवारी हजर असा एकच पुरुष उरला होता.

"नंदकुमार, तुम्ही नुसतं वाचा. माणूस मिळेपर्यंत."

माणूस काही मिळाला नाही. नंदू वाचत राहिला, मग पाठ करून आला, आणि मग खरी पंचाईत झाली. त्याला वाटायचं दुष्ट माणूस म्हणजे संग्रामसारखा ओरडणारा. तो ओरडायचा. ओरडला की त्याचा आवाज फाटायचा आणि मान लाल व्हायची. "ओविनस, तुझी घटका भरली," असं तो म्हणाला की सिनेटमधले दोघे पाठ फिरवून खांबाआड जायचे, हसू लपवायला. मी मरता मरता एकदा हसलो. अंतरानं तोंडावर हात घेतला.

"बाबा, प्लीज. यू साऊंड लाइक तू बस थांबवतोयस."

"मग कसं म्हणू?"

"आय डोन्ट नो. पण मला तुझा राग आला पाहिजे ना. मला हसूच येतं."

पुढच्या आठवड्यात त्यानं दाढी वाढवली. त्याने तो जास्तच बिचारा दिसायला लागला. ताराने मला बाजूला घेऊन सांगितलं की नाटक पुढे ढकलावं लागेल, संग्राम मोकळा होईपर्यंत. पण पुढे अंतराची परीक्षा होती आणि नाटकासाठी ठरलेलं शाळेचं सभागृहही मिळणार नव्हतं.

मधल्या एका सकाळी तारा उपाशीपोटी साखर तपासायला हवल्लीला गेली. त्याआधी ती नंदूकडे कधी गेली नव्हती; सुईला ती इतकी भिते की तपासण्याच टाळते, हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. पुढचं तिनंच मला सांगितलं. ती खुर्चीत बसली, हातपाय गार पडलेले. नंदूनं पट्टा बांधला, तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "ताराताई, हात सैल सोडा. तिकडं खिडकीत बघा. झालंच."

आणि झालं होतं. तिला काही कळलंसुद्धा नव्हतं. कापूस धरून ती तशीच बसून राहिली.

"नंदकुमार, हेच परत म्हणा. फक्त 'ताराताई'च्या जागी 'महाराज' म्हणा."

नंदू नळीवर नाव लिहीत होता. त्यानं काही न कळता म्हटलं, "महाराज, हात सैल सोडा. तिकडं खिडकीत बघा. झालंच."

तारा म्हणते, तिच्या अंगावर काटा आला. इतका वेळ जी गोष्ट ती शोधत होती ती समोर पांढरा कोट घालून उभी होती. ज्याच्यावर आपण विश्वास टाकतो तोच माणूस सिंहासन बळकावतो. तो कशाला ओरडेल? तो आपल्याला खिडकीत बघायला सांगेल.

नंदू मात्र ऐकताक्षणी नाही म्हणाला. त्याला कोणत्याही गोष्टीला असं तडकाफडकी नाही म्हणताना मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा ताराही तिथंच होती आणि तो पुन्हा तेच सांगत होता.

"ताराताई, हा आवाज माझ्या पेशंटांचा आहे. लहान पोरं त्या आवाजावर हात पुढं करतात. त्याच आवाजानं मी स्टेजवर माणूस मारला तर उद्या ती पोरं काय म्हणतील?"

"नाटक आहे ते."

"मोठ्यांना कळतं ते."

अंजूवहिनी डबा भरत होत्या, त्यांची रात्रपाळी होती. त्या म्हणाल्या, "त्याच आवाजात तू मला कचरा टाकून ये म्हणतोस. मी अजून जिवंत आहे." सगळे हसले, नंदू हसला नाही. मग अंतरा खोलीतून बाहेर आली. ती बापासमोर बसली आणि तिनं शक्य तेवढं मराठीत सांगितलं.

"बाबा, माझे डायलॉग खूप डिफिकल्ट आहेत. मी रोज म्हणते. पण तू ओरडलास की मी सिल्वेना राहत नाही, मी तुझी एम्बॅरस झालेली मुलगी होते. एकदा ट्राय कर ना. माझ्यासाठी."

त्या मुलीनं बापाकडे कधी कशासाठीही हट्ट केलेला मला आठवत नाही. नंदूनं वहिनींच्या हातातून डबा घेऊन झाकण लावलं. मग म्हणाला, "बरं."

प्रयोगाच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलं होतं. संग्रामसुद्धा शिफ्ट संपवून, हेल्मेटचा वळ कपाळावर घेऊन येऊन बसला होता. पहिल्या अंकाच्या शेवटी मी सिंहासनावर एकटा. तोर्वानस येतो. पांढऱ्या वस्त्रावर किरमिजी मखमली झगा; मूळचा तो हवल्लीच्या दुकानातला पडदा. तो घाई करत नाही. माझ्याजवळ गुडघ्यावर बसतो, माझं मनगट हातात घेतो, जणू नाडी बघतोय.

"थकलात, महाराज," नंदू म्हणाला. "किती वर्षं हा मुकुट वाहताय. हात सैल सोडा."

मी त्याला वर्षानुवर्षं ओळखतो. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात मी गावी पोचेपर्यंत दर तासाला फोन करणारा माणूस हा. तरी माझा हात खरोखर सैल पडला.

"तिकडं खिडकीत बघा. तुमचं शहर किती शांत आहे." त्यानं दुसऱ्या हातानं झग्याखालचा खंजीर काढला. "झालंच."

सभागृहात कोणी खोकलं नाही. मी मेलो होतो, डोळे मिटलेले होते, पण ती शांतता मला कातडीवर जाणवत होती. मग मागच्या बाजूला एक लहान मुलगी मोठ्यानं रडायला लागली आणि कोणीतरी तिला उचलून बाहेर नेलं.

दुसऱ्या अंकात तोर्वानस भाकरी वाटतो, म्हाताऱ्यांची विचारपूस करतो, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतो, आणि प्रेक्षकांना ते पाहवेना. शेवटच्या अंकात सिल्वेना फौजा घेऊन परत येते. अंतरा त्याच्यासमोर उभी राहिली. तो तिला म्हणतो, बाळ, दमलीस, बस. ती म्हणाली, "तुझा आवाज गोड आहे म्हणून तू खरा ठरत नाहीस." एकही उच्चार अडखळला नाही. तिनं हात वर करून त्याचा मुकुट काढला आणि तोर्वानस, तो आवाज, ती सगळी माया ओसरून, एका साध्या माणसासारखा पायरीवर बसला. "आता मला काय म्हणाल तुम्ही?" त्यानं विचारलं. पडदा पडला. टाळ्या थांबेनात. संग्राम उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि शेजारच्याला सांगत होता, "मी हे केलं नसतं. मला हे जमलंच नसतं."

नंदूचे दोन दिवस चांगले गेले. फोन येत होते. क्लिनिकमध्ये एकजण म्हणाला, "आज मारू नका हं, महाराज," आणि नंदूनं हसून त्याचं रक्त घेतलं.

मग शरीफा आली. शरीफा रत्नागिरीची, इथं एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिची मुलगी अलिना आठ-नऊ वर्षांची, तिला लहानपणापासून साखर. बोटाला टोचून घ्यायची तिला सवय आहे, पण दर तीन महिन्यांनी हातातून रक्त द्यावं लागतं आणि ते ती फक्त नंदूकाकाला घेऊ द्यायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.

त्या दिवशी ती लॅबच्या दारातच थांबली. नंदू म्हणाला, "ये, अलिना. खिडकीत बघ..." आणि तिनं आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. सभागृहात रडलेली मुलगी तीच होती.

"हा राजाला मारणारा आहे," ती म्हणाली. "हा असाच बोलला आणि मारलं."

शरीफानं समजावलं, दटावलं. नंदूनं सुई ठेवून दिली आणि म्हणाला, "आज नको. तिला घरी ने, शरीफा. एका आठवड्यानं काही बिघडत नाही, मी डॉक्टरांशी बोलतो."

नंतर तो कामावर गप्प झाला. बोलायचंच नाही असं त्यानं ठरवलं. पट्टा बांधायचा, रक्त घ्यायचं, कापूस लावायचा. पण नंदू गप्प आहे हे लोकांना जास्तच जड जाऊ लागलं. एका म्हाताऱ्या मिस्री बाईनं त्याला विचारलं, तुझ्या घरी कोणी वारलं का.

मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "शरद, मी ताराताईंना आधीच सांगितलं होतं." रागानं नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. अंतरा ऐकत होती. ती टेबलाशी अभ्यास करत होती.

"अलिना लेफ्ट आफ्टर फर्स्ट अ‍ॅक्ट," ती म्हणाली. मग मराठीत, "बाबा, तिनं एंड पाहिलाच नाही. तिच्यासाठी तू अजून तोर्वानसच आहेस."

नंदूनं मान वर केली.

त्याच शुक्रवारी सकाळी बाप-लेक शरीफाच्या घरी गेले. मला त्यांनी बरोबर घेतलं, कारण अलिनानं मला मेलेलं पाहिलं होतं. दारात मला धडधाकट उभा पाहून तिनं माझा हात धरला, मनगट दाबून बघितलं, आणि आईला म्हणाली, "हा गरम आहे."

दिवाणखान्यातलं टीपॉय भिंतीला सरकवलं. नंदूनं सोफ्याला सिंहासन केलं, झगा पांघरला, मुकुट घातला. अलिना आईच्या मांडीवर, पाय पोटाशी घेऊन. अंतरा दारातून आत आली आणि त्यांनी शेवटचा प्रवेश केला, तिथंच, फ्रिजच्या आवाजात आणि कोळंबीच्या वासात. मुकुट निघाला. नंदू सोफ्यावरून खाली सतरंजीवर बसला.

अलिना म्हणाली, "परत."

परत केलं. तिसऱ्या वेळेला ती उठली, अंतराच्या हातातून मुकुट घेऊन नंदूच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः काढला. मग विचारलं, "आता हा कोण आहे?"

"कोणी नाही," अंतरा म्हणाली. "आरोलकर आहे."

अलिनानं विचार केला. "मग रक्त घेताना तसं नाही बोलायचं. तो आवाज त्याचा आहे."

नंदूला हे पटलं. एका मुलीनं आपल्या आवाजाला हद्द घालून दिली याचं त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्यानं गंभीरपणे मान हलवली. "मग कसं बोलू?"

अलिनाला सुचेना. शरीफा स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊ, तुमच्या गावाकडचं बोला ना. आमच्या घरातले म्हातारेपण तसंच काहीसं बोलतात."

दोन दिवसांनी अलिना क्लिनिकमध्ये खुर्चीत बसली. मी गेलो नव्हतो, पण शरीफानं सांगितलेलं मला जसंच्या तसं आठवतं. नंदूनं पट्टा बांधला आणि मोठ्या, खणखणीत मालवणीत विचारलं, "काय गो चेडवा, सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही. उपाशी आहे."

"उपाशी? मगे रक्तात माका काय गावतला?"

अलिना हसली आणि हसता हसताच सुई आत गेली. तिनं खिडकीत बघितलं नाही. नळी भरताना ती बघत राहिली. "झाला," नंदू म्हणाला, आणि ती म्हणाली, "खलास."

आता तो लहान मुलांशी मालवणीतच बोलतो. सीरियन, केरळी, कुवेती, कोणाचंही मूल असो. त्यांना अक्षर कळत नाही, पण खुर्चीवरचा माणूस जोरात काहीतरी मजेचं बोलतोय एवढं कळतं. मोठ्यांसाठी जुना आवाज आहे. काहीजण अजून खास सांगतात, "तोर्वानसच्या आवाजात म्हणा," आणि तो म्हणतो. क्लिनिकमधल्या मल्याळी नर्सेसही ते नाव शिकल्या आहेत.

अंतरा आता पुण्याला फिजिओथेरपी शिकते. विमानतळावर नंदू रडला नाही, वहिनी रडल्या. ती दर शनिवारी फोन करते आणि हल्ली मराठीत बोलते, मधेच मालवणीही. हॉस्टेलच्या मुलींना तिनं तोर्वानसचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, इतका देखणा व्हिलन कोण आहे.

"तू काय सांगितलंस?" नंदूनं विचारलं.

"सांगितलं, माझ्या आईचा नवरा."

हे त्यानं मला गेल्या शुक्रवारी समुद्रावर सांगितलं. आम्ही मासे भाजायला गेलो होतो, हवा छान होती. संग्राम निखारे फुंकत होता, तारा पुढच्या नाटकाबद्दल काही सांगत होती, आणि वहिनी माशाला मसाला लावून देत होत्या. नंदूनं एक तुकडा उलटला, भाजला की नाही ते वाकून पाहिलं, आणि पहिला माझ्या ताटात वाढला.